ओला फडका

पोल्ट्रीवर तिला सगळे चकचक मावशी म्हणायचे. तोंडावर नुसतं मावशी, पाठीमागे चकचक. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आयुष्यभर राबून माणसाच्या पदरात एखादं टोपणनावच पडणार असेल तर निदान ते बरं असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तीन शेड, सहा हजार कोंबड्या आणि त्यांच्यामागे अंडी निवडायची एक लांबट खोली. खोलीत दोन टेबलं, एक खिडकीखाली, एक दारापाशी. खिडकीखालचं टेबल मावशीचं, गेली बावीस वर्षं. सकाळी सातला, अकराला आणि दुपारी तीनला शेडमधून ढकलगाडी यायची. एकेक अंडं उचलायचं, दिव्यासमोर धरायचं, तडा गेलेलं बादलीत टाकायचं, चांगलं ट्रेमध्ये लावायचं. तीस झाली की ट्रे भरला. मग दुसरा ट्रे. मग तिसरा. मावशीला झोपेतही ट्रे दिसायचे आणि तिथेही ते संपायचे नाहीत.

आता कोंबडी काही अंडं धुऊन पुसून घालत नाही. एखाद्याला विष्ठा लागलेली असते, एखाद्याला रक्ताचा ओघळ, एखाद्याला पीस चिकटलेलं. मावशीच्या टेबलाखाली त्यासाठी एक बादली असायची, नळाच्या गार पाण्याची, आणि तिच्यात नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याचा फडका. डागाळलेलं अंडं आलं की फडका पिळायचा, अंडं गोल गोल फिरवत पुसायचं आणि परत उजेडात धरून बघायचं. नुसती डागाळलेलीच नव्हे, जरा धुरकट दिसणारी अंडीही ती सोडत नसे. दुपारी बादलीतलं पाणी बदलायची. तोवर ते चहाच्या रंगाचं झालेलं असायचं, पण फडका ती घट्ट पिळून घ्यायची, त्यामुळे तिला त्याचं काही वाटत नव्हतं. थंडीच्या दिवसांत बोटांना भेगा पडत, त्या झोंबत, तरी पुसणं थांबलं नाही. मालक गिऱ्हाइकांना आत आणून तिचे ट्रे दाखवायचा. मावशी मान वर न करता पुसत राहायची, पण त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना तिचे पाय जरा कमी दुखायचे.

दारापाशी बसायची ती गबाळकाकू. हे नाव मावशीनेच ठेवलं होतं, आणि इतकं फिट्ट बसलं की काकूला स्वतःलाही दुसरं आठवेना. अॅप्रनचं एक बटण कायम चुकीच्या काजात, केस टोपीबाहेर, चहाचा ग्लास ट्रेच्या चळतीवर. घाण लागलेलं अंडं आलं की काकू दोन बोटांनी उचलून सरळ फुटक्यांच्या बादलीत टाकून द्यायची.

"अगं, चांगलं अंडं आहे ते," मावशी म्हणायची. "पुसलं की झालं."

"कोंबडी घालत बसणार आणि मी पुसत बसू? माझी काय ती बहीण लागते?"

"आळशी आहेस नुसती."

"आहे. तू आहेस ना कामसू, दोघींचं मिळून बरोबर होतं."

अशी अकरा वर्षं गेली. दोघींनी एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, एकमेकींची दुखणी ऐकली आणि रोज एकदा तरी तोंडाला तोंड दिलं. फुकट जाणाऱ्या अंड्यांवरून मालक महिन्याकाठी काकूला झापायचा. काकू ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निगरगट्टपणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग एके दिवशी वृद्धाश्रमातून फोन आला. गावाबाहेरचा तो आश्रम पोल्ट्रीचं जुनं गिऱ्हाईक. तिथल्या म्हाताऱ्यांना न्याहारीला अर्धं उकडलेलं अंडं मिळायचं, बलक पातळ राहील असं, कारण निम्म्यांच्या तोंडात दात नव्हते. अकरा जणांना जुलाब आणि ताप. दोघींना दवाखान्यात हलवलं होतं, आणि त्यांतल्या एकीची काही खात्री नव्हती. दवाखान्यातल्यांनी तपासून सांगितलं, साल्मोनेला नावाचा जंतू. अंड्यातून आलेला.

मालकाचं तोंड त्या दिवसापासून जे उतरलं ते उतरलंच. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बारीक, उन्हाने रापलेल्या, कामाशी काम ठेवणाऱ्या. बुटांवर जाळीचे मोजे चढवून त्या तिन्ही शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या आणि ते घाण झालेले मोजेच उतरवून तपासणीसाठी पिशव्यांत भरले. उंदरांच्या लेंड्या उचलल्या. निवडायच्या खोलीत येऊन रचलेल्या ट्रेमधून कुठली कुठली अंडी काढून घेतली.

"एवढं शिकून बाई घाण गोळा करत फिरते," काकू पुटपुटली.

मावशीलाही हसू आलं. ते दोघींचं एकत्र शेवटचं हसू, पण हे तेव्हा कुणाला माहीत असणार.

आठवड्याने अहवाल आला. दोन नंबरच्या शेडमध्ये जंतू सापडला, उंदरांनी आणलेला असावा. त्या शेडची अंडी बंद करायला सांगितली. पण डॉक्टरीणबाई फोनवर असंही म्हणाल्या की शेडमध्ये आहे त्या मानाने अंड्यांत फारच जास्त आहे, निवडायच्या खोलीत काहीतरी चुकतंय, मी येऊन बघते. मालकाने पुढचं ऐकलंच नाही. फोन ठेवला आणि तरातरा खोलीत आला.

मालक माणूस वाईट नाही. पण घाबरलेल्या माणसाला खापर फोडायला एक डोकं लागतं, आणि दारातून आत शिरलं की पहिलं डोकं काकूचं होतं, टोपीबाहेर केस आलेलं. त्याने चळतीवरचा चहाचा ग्लास बघितला, काकूचे हात बघितले, अॅप्रन बघितला. शेडमधली माणसं दारात गोळा झाली होती. त्या सगळ्यांदेखत तो म्हणाला, "तुझ्या या घाणेरड्या हातांनी म्हातारी माणसं मरायला टेकली."

काकू उभी राहिली. "माझ्या हातांनी? मी काय केलं?"

"मावशी, तुम्हीच सांगा. ही हात तरी धुते का?"

आता इथे मावशीने गप्प बसायला हवं होतं, नाहीतर सरळ सांगायला हवं होतं की धुते, तुमच्या-माझ्याइतकेच धुते. पण सगळे तिच्याकडे बघत होते, आणि स्वच्छतेचा प्रश्न आला की निवाडा तिचा, ही सवय बावीस वर्षांची. तिच्या तोंडून निघून गेलं, "धुते. कधी कधी."

तीन शब्द. काकूने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग अॅप्रन काढला, चुकीच्या काजातलं बटण सोडवायला तिला जरा वेळ लागला, आणि ती निघून गेली.

त्यानंतर मावशी एकटीच दोन्ही टेबलांचं काम ओढू लागली. एक शेड बंद होतं तरी तिची कंबर धरायची. संध्याकाळी घरी जाऊन ती खुर्चीत बसली की उठवत नसे. नवरा एकेकाळी शिंपीकाम करायचा, आता डोळ्यांनी दगा दिल्यापासून घरात बसून स्वयंपाक करायचा आणि बोलायचा. तो ताट पुढे ठेवून म्हणायचा, "आज किती कोंबड्यांना आंघोळ घातलीस?" एरवी ती काहीतरी उलट टोला द्यायची. आता नुसती जेवायची.

दहाव्या दिवशी फाटकावरच्या वॉचमनने तिला थांबवलं. तो काकूच्याच गल्लीत राहायचा.

"मावशी, तुमच्या मैत्रिणीचं कळलं का? बिचारीचे फार हाल."

"काय झालं?"

"सुनेला मूल झालंय ना महिन्यापूर्वी. नातवाला हात लावू देत नाहीत तिला. मालक बोलला ते गल्लीभर झालंय. सून म्हणते, तुमच्या हातांनी माणसं दवाखान्यात गेली, माझ्या लेकराला नको. पोरगाही बायकोच्या बाजूने. काकूचं ताट-वाटी वेगळं ठेवलंय. ओट्यावर बसून असते दिवसभर."

मावशी "अरेरे" म्हणाली आणि आत आली. ढकलगाडी दारात उभी होती आणि अंड्यांना कुणाच्या घरात काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं. तिने बादली भरली आणि कामाला लागली. ती दमली होती. दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख समोर दिसत असतं, पण उठून तिथवर जायचं त्राण नसतं, आणि पुढे तेच कारण पुढे करायची सोय होते.

सोळाव्या दिवशी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. या वेळी त्या सरळ निवडायच्या खोलीत आल्या आणि रिकाम्या टेबलाकडे बोट करून म्हणाल्या, "इथल्या बाई कुठे गेल्या?"

"काढलं त्यांना," मावशी म्हणाली.

"का?"

"त्या... जरा गबाळ्या होत्या."

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. त्याही थकलेल्या दिसत होत्या. "एक गोष्ट मला कळत नाहीये, मावशी. मी नेलेल्या अंड्यांत काही ट्रेमधली अंडी आतून खराब निघाली, अगदी बलकापर्यंत. काही ट्रेमध्ये मात्र काही नाही, एकाही अंड्यात नाही. आणि गंमत म्हणजे खराब निघाली ती सगळी चकचकीत होती. एक डाग नाही त्यांच्यावर." बोलता बोलता त्यांचं लक्ष टेबलाखाली गेलं. "ही बादली कसली?"

"पुसायचं पाणी."

डॉक्टरीणबाईंनी वाकून बादली पुढे ओढली. चहाच्या रंगाचं पाणी, त्यात फडका. त्या म्हणाल्या, "अंडं पुसायचं नसतं, मावशी. निदान असं तरी नाही."

आणि त्यांनी समजावून सांगितलं, शांतपणे, जणू चूक सगळ्या जगाची आहे. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. कोंबडी अंडं घालते तेव्हा वरून एक पातळ साय देते, ती वाळते आणि छिद्रं बंद करते. ओल्या फडक्याने ती साय निघून जाते. शिवाय अंडं गरम, पाणी गार. गार लागलं की आतला बलक, पांढरं सगळं आकसतं आणि कवच बाहेरचं पाणी आत ओढून घेतं. एका घाण अंड्याचा जंतू बादलीत उतरला की त्या दिवशी पुसलेल्या प्रत्येक अंड्यात तो आत जाऊन बसतो. "घाण लागलेलं अंडं टाकून द्यावं," त्या म्हणाल्या. "नाहीतर कोरडंच खरवडावं. पण हात लावू नये हे सगळ्यात बरं. शेडमध्ये खुराड्यात कोरडा भुसा घालत राहिलं, उंदीर आवरले, नव्या पिल्लांना लस दिली, तर घाण अंडी येतीलच कमी."

मावशी ऐकत होती. काकूने दोन बोटांनी उचलून बादलीत फेकलेलं एकेक अंडं तिला दिसत होतं. आणि स्वतः पुसलेलंही. बावीस वर्षं. देवा, बावीस वर्षं.

"दोघी पुसत होतात?" डॉक्टरीणबाईंनी वही उघडत विचारलं.

उत्तर साधं होतं. मावशीने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "हो. दोघी."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. बादली बाहेर नेऊन ओतली, फडका पिशवीत टाकला, मालकाला जाऊन सगळं सांगितलं. मालकाने येऊन फक्त एवढंच म्हटलं, "मावशी, उद्यापासून पुसू नका." ना राग, ना काही. चूक दोघींत वाटली गेली की कुणा एकीची राहत नाही, आणि एक तर आधीच घरी गेली होती. आश्रमातल्या दोघीही दवाखान्यातून परत आल्याचं त्याने सांगितलं. प्रकरण मिटलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. सगळं, "कधी कधी" पासून "दोघी" पर्यंत. तो भांडी घासत होता. त्याने नळ बंद केला.

"आता कुणाला काय सांगायला जाऊ नकोस," तो म्हणाला. "म्हाताऱ्या बऱ्या झाल्या. मालक काही बोलला नाही. नोकरीची अडीच वर्षं राहिलीत तुझी. गप्प बस."

"आणि ती?"

"तिला दुसरीकडे लागेल काम."

"कामाचं नाही हो. तिचा नातू."

नवऱ्याला स्वतःची नातवंडं नव्हती, त्यांना मूलच नव्हतं, आणि या घरात तो विषय पस्तीस वर्षांपूर्वी बंद झाला होता. त्याने पुन्हा नळ सोडला आणि एकच ताट बराच वेळ घासत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "तुला जायचंय तर जा. मला विचारून काय करणार आहेस?"

सकाळी ती आधी मालकाकडे गेली. "पुसत होते ती मी एकटी," ती म्हणाली. "तिने एकही अंडं पुसलं नाही. डॉक्टरीणबाईंना मी खोटं सांगितलं." मालकाला बसल्या खुर्चीत काय करावं ते सुचेना. तो पेन उघडून बंद करत राहिला. शेवटी म्हणाला, काकूला परत यायला सांगा, आणि तुम्ही काही दिवस अंड्यांकडे नको, शेडमधला भुसा बदलायचं काम बघा. मावशी बरं म्हणाली. तिला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

काकू वॉचमनने सांगितलं होतं तशीच ओट्यावर बसली होती. केस नीट बांधलेले, कपडे धुतलेले, नखं कापून कापून लाल झालेली. तिला तशी नीटनेटकी बघून मावशीला भडभडून आलं.

"मालकाने बोलावलंय तुला," ती उभ्यानेच म्हणाली. "चूक तुझी नव्हती. माझ्या बादलीने झालं सगळं. तू टाकून देत होतीस तेच बरोबर होतं. मी सांगितलंय त्याला."

काकू तिच्याकडे बघत राहिली. रागवली असती तर बरं झालं असतं.

"मला कशाला सांगतेस?" ती शेवटी म्हणाली. "मला ठाऊक होतं मी काही केलं नाही ते. आत जा. तिला सांग."

मावशीने आत पाहिलं. खोलीत सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी काकूचा मुलगा कामावर जायच्या तयारीत. मावशी उंबऱ्याशी थांबली. ज्या तोंडाने आयुष्यभर दुसऱ्यांना घाणेरडं म्हटलं त्या तोंडाने हे म्हणायचं होतं.

"तुमच्या सासूबाईंचे हात स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "घाण माझ्या हातांत होती. आश्रमातली माणसं माझ्यामुळे आजारी पडली. यांच्यामुळे नाही. मी यांच्याबद्दल वाईट बोलले, ते खोटं होतं."

मुलगा खाली बघू लागला. सूनही काही दगडाची नव्हती. तिचे डोळे भरून आले. ती उठली, ओट्यावर आली आणि तिने बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं. काकूने दोन्ही हात आधी कपड्याला पुसले, घाईघाईने, आणि मग त्याला धरलं. बाळाने आपली इवलीशी मूठ तिच्या हनुवटीवर आपटली.

मावशीला राहवलं नाही. ती वाकली आणि त्या मुठीला नुसतं बोट लावावं म्हणून हात पुढे केला.

सुनेने चटकन बाळाच्या अंगावरचं पांघरूण ओढून त्याची मूठ झाकली. नकळतच केलं असेल, कोणत्याही आईने केलं असतं. काकूने मान वर केली नाही.

मावशीने हात मागे घेतला. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि भुसा बदलायला उशीर होतोय म्हणून निघाली.